चार नंबरचं पाणी

अरीबाच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण वाचून झाल्यावर रंजीता मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा काढला म्हणजे काम फत्ते, हे विभागातल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. हे प्रकरण आपण छापायला पाठवू, असंही त्या म्हणाल्या. अरीबा जिन्यावरून उतरली ती जवळजवळ उड्या मारतच.

प्रकरण होतंच तसं. चंद्रपूरच्या कॉलेजात तिचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय पर्यावरणशास्त्र. सावली तालुक्यातल्या एका गावात सहा बोरिंग, म्हणजे हातपंप. नोव्हेंबर ते एप्रिल दर महिन्याला त्यांचं पाणी आणायचं आणि त्यात फ्लोराइड किती ते मोजायचं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की लहान लेकरांच्या दातांवर डाग धरतात आणि वर्षानुवर्षं प्यायलं की हाडं आखडतात. पाच बोरिंगचा आकडा दोनच्या खाली यायला तयार नव्हता. चार नंबरचा मात्र दर महिन्याला ०.४, जरा इकडे नाही की तिकडे नाही. का, हे शोधायला अरीबाने पंधरा पानं लिहिली. खाली ग्रॅनाइटमध्ये वेगळी भेग असणार, तिच्यातून ताजं पाणी येत असणार, अशी ती मांडणी होती. नकाशे होते, आलेख होते. एवढं करून तिला झोप कशी लागत होती ते तिलाच माहीत. आनंदाने लागत होती म्हणा.

एकच माणूस मध्ये आडवा आला होता, तिचे अब्बा. वहाबभाई पंचवीस वर्षं सावली तालुक्यातल्या बोरिंग दुरुस्त करत आले. चार नंबरचे आणि पाच नंबरचे, दोन्हीचे पाइप त्यांनी स्वतः वर ओढलेले. दोन्हीकडे दगड एकच आहे बेटा, पाणी वेगळं कसं लागेल, असं ते एकदा जेवताना म्हणाले. भेग डोळ्यांना दिसत नसते अब्बा, ती आकड्यांत दिसते, असं अरीबाने त्यांना ऐकवलं. वहाबभाईंनी ताटात भात वाढून घेतला. घरात शिकलेलं लेकरू असलं की बापाला असं अधूनमधून गप्प बसावं लागतं.

आता फक्त एक फोटो हवा होता. चार नंबरवर पाणी भरतानाचा, शेजारी विभागाचं फ्लोराइड मोजायचं छोटं मीटर दिसेल असा. तो नव्हता, कारण चार नंबरचं पाणी अरीबाने स्वतः कधी भरलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर ही गोष्ट तिला फारशी टोचलीही नव्हती. ती बोरिंग गावाच्या पार टोकाला टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, आणि परतीची बस चारची. पहिल्या खेपेला ती टोलीत गेली तेव्हा बोरिंगसमोरच्या घरातल्या सुगंधाबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. त्यांनी बसायला खाट टाकली, पाण्याचा गडवा पुढे केला. माझ्याकडे आहे बाई, म्हणून अरीबाने पिशवीतली स्वतःची बाटली दाखवली. मग नंबर घातलेल्या सहा प्लॅस्टिकच्या बाटल्या त्यांच्या हवाली केल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या बोरिंगचं पाणी भरून बस थांब्यावर आणून द्या, असं सांगितलं. सुगंधाबाईंनी एकही रविवार चुकवला नाही. प्रबंधात मात्र अरीबाने लिहिलं, ‘सर्व नमुने संशोधिकेने स्वतः, पंप पाच मिनिटे चालवून गोळा केले.’ हे वाक्य तिने आधीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून उचललं होतं. सगळेच उचलतात.

एप्रिल संपत आला होता. आदल्या दिवशी येते असा निरोप धाडून अरीबा फोटोसाठी निघाली, आणि टोलीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. चार नंबरची बोरिंग हिरव्या रंगात उठून दिसत होती. जानेवारीत अरीबाने तीन महिन्यांचे आकडे ग्रामपंचायतीला दिले होते, त्यावरून पाच बोरिंग लाल रंगवल्या आणि ही एक हिरवी. तेव्हापासून अख्खी टोली हिचंच पाणी पीत होती. बोरिंगच्या ओट्यावर सुगंधाबाईंची तीन वर्षांची नात मयुरी ओंजळीने पाणी पीत होती. हसली तेव्हा तिचे तांदळासारखे दात दिसले.

फोटोचं ऐकून सुगंधाबाईंनी नवं लुगडं नेसलं, दांडा हाणला, बाटली भरली. अरीबाने चार-पाच फोटो काढले. मग सुगंधाबाईंनी ती बाटली शांतपणे मातीत ओतून दिली, घरात जाऊन दुसरी भरलेली बाटली आणली आणि तिच्या हातात दिली.

“फोटोले ते ठीक हाय. न्यायले हे ने.”

अरीबाला आधी कळलंच नाही. हे पाणी कुठलं, असं तिने विचारलं.

“झिऱ्याचं. नदीच्या रेतीत खड्डा करतो ना आमी, त्याचं. दरखेपेले तेच देऊन राह्यली मी तुले.” सुगंधाबाईंना यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. “तू पहिल्या दिवशी आमच्या घरचं पाणी घेतलं नाई. मले वाटलं, पोरीले आमचं चालत नसन, नाई तर पाणी मचूळ म्हून नको म्हणते. मंग शहरात मोठ्या लोकायले दाखवाले मचूळ पाणी कसं द्याचं? गावाची इज्जत हाय का नाई?”

अरीबाने हातातली बाटली उन्हाकडे धरून पाहिली. दर महिन्याला ही बाई पहाटे नदीवर जाऊन, रेती उपसून, पाणी निवळेपर्यंत थांबून ती बाटली भरत होती. आणि ते पंधरा पानांचं प्रकरण, ती ग्रॅनाइटची भेग, ते नकाशे!

तिने दांडा पाच मिनिटं चालवला, पाणी पेल्यात घेतलं, मीटर आत बुडवलं. आकडा वर चढत गेला आणि २.७ वर थांबला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. अब्बांचा दगड खरा होता.

मग पंचायतीने हिरवा रंग दिल्यावर तुम्ही हे पाणी का प्यायला लागलात, तुम्हाला तर माहीत होतं बाटलीत काय आहे, असं तिने विचारलं. आवाज जरा चढलाच. सुगंधाबाई गोंधळल्या.

“बाटलीवर चार नंबर लिवला होता ना तू. मशीनीले समजत असन कोणतं पाणी कुठलं, असं वाटलं मले. मशीन म्हणते चांगलं, तं मी म्हटलं आपल्याच जिभेले समजत नसन. मयुरीसाठी झिऱ्याचं आणत होती, ते बंद केलं मंग.”

आता अरीबाला सगळं सांगावंच लागलं. मशीनला काही समजत नाही, बाटलीत असेल तेच ती सांगते. हे पाणी लेकरांना द्यायचं नाही. चार महिन्यांत फार काही बिघडत नाही, पण पुढे नको. सुगंधाबाई ऐकत राहिल्या. मयुरीला त्यांनी जवळ ओढलं, बोटाने तिचा ओठ वर करून दात पाहिले, बराच वेळ पाहिले.

“म्हणजे मीच पाजलं तिले,” त्या म्हणाल्या. “माह्या हातानं.”

अरीबाला रडू आलं. आवरायचा प्रयत्नही तिने केला नाही. आपण दोन किलोमीटर चाललो नाही, एवढीच गोष्ट होती, आणि तिचं ओझं ही म्हातारी उचलत होती. सुगंधाबाईंनी पदराने आधी नातीचं तोंड पुसलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुह्या परीक्षेले काही होत असन तं मी कोणाले सांगत नाई.”

हे ऐकल्याबरोबर अरीबाच्या मनात जे आलं ते ऐका, कारण ती काही देवी नव्हती. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. बोरिंगचं पाणी याच महिन्यात बदललं, असं पंचायतीला सांगितलं की लाल रंग बसतो, लेकरं वाचतात, प्रकरण छापून येतं. कोणाचंच काही जात नाही. मीटर पुसून डबीत ठेवेपर्यंत ती हाच विचार करत होती. डबी बंद करताना तिला पाच मिनिटं पंप चालवल्याचं ते वाक्य आठवलं. चार नंबरवर ते तिने आज पहिल्यांदा खरं केलं होतं, आणि तेवढ्यात सगळं खोटं ठरलं होतं. आणखी एक तसलं वाक्य लिहायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

ती पंचायतीत गेली, शिपायाकडून उरलेला लाल रंग आणि ब्रश मागून आणला आणि स्वतः बोरिंग रंगवायला बसली. घागरी घेऊन गुलाब आणि सीता आल्या, मग आणखी बायका जमल्या. काल हिरवी होती, आज लाल काऊन, असं गुलाबने जरा घुश्शातच विचारलं. चूक माझी आहे, अरीबाने सांगितलं. मी इथलं पाणी स्वतः भरलं नाही, न बघता कागद दिला. सुगंधाबाईंचं नाव तिने घेतलं नाही. बायका कुजबुजल्या. एकीने शिकलेल्यांबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सुगंधाबाई दारातून पुढे आल्या. “बाटल्या मी भरल्या,” त्या म्हणाल्या. “झिऱ्याच्या पाण्यानं. तिले माहीत नोतं.”

सीताने रिकामी घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि नदीच्या वाटेला लागली. तिच्यामागे बाकीच्या.

सोमवारी रंजीता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. चौथं प्रकरण काढावं लागेल, नमुने पुन्हा घ्यावे लागतील, पदवी एक सत्र पुढे जाईल, असं त्यांनी सांगितलं. रागावल्या नाहीत, त्यानेच अरीबाला जास्त लागलं. फक्त निघताना त्या म्हणाल्या, की तुझ्याकडे सहा महिन्यांचे ०.४ चे आकडे आहेत, ते कुठल्या पाण्याचे आहेत तेवढं नीट लिही. घरी वहाबभाईंनी काही म्हणजे काहीच म्हटलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यापाशी होता.

मेच्या पहिल्या रविवारी अरीबा टोलीपर्यंत चालत गेली, आणि तिथून सुगंधाबाईंच्या मागे नदीवर. वैनगंगा पार तळाला गेली होती. सुगंधाबाईंनी कोपरभर रेती उपसली. गढूळ पाणी वाटीने दोनदा काढून टाकलं, तिसऱ्यांदा निवळू दिलं. अरीबा बाटली घेऊन वाकली तसं त्यांनी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

“तूच भर,” त्या म्हणाल्या.

अरीबाने बाटली भरली, झाकण लावलं, तारीख लिहिली. मग पिशवीतली स्वतःची बाटली तिने काढली, त्यातलं घरचं पाणी रेतीत ओतलं आणि सुगंधाबाईंकडे वाटी मागितली. खड्ड्यात बुडवून काठोकाठ भरलेली ती वाटी तिने एका दमात संपवली आणि पुन्हा पुढे केली.