जावईबापूंनी बसवलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, पण खटारा म्हटलेले मला अजूनही खपत नाही. माझा पत्रा एवढा जाड आहे की आताच्या एखाद्या गाडीने मला धडक दिली, तर औषधपाणी तिलाच करावे लागेल. शिक्षणाचे म्हणाल, तर शाळा मी फाटकापर्यंतच पाहिली. मालकांच्या मुलांना सोडायचे आणि बाहेर उन्हात उभे राहायचे. तेवढ्यात जे कळले ते सांगते.

कारखान्यात मला घडवले तेव्हा नाकाच्या जाळीमागे रेडिएटर बसवला आणि त्याच्यामागे लोखंडी पंखा. इंजिन फिरले की पट्ट्यावर पंखाही फिरायचा, समोरची थंड हवा आत ओढायचा आणि रेडिएटरमधले पाणी गार ठेवायचा. माझा श्वासच म्हणा ना तो.

माझे मालक शिंपी. माझ्या बैठकांचे कापड विरले, तेव्हा त्यांनी गॅरेजवाल्याला सुईसुद्धा लावू दिली नाही. स्वतः माप घेऊन, दुहेरी टीप मारून नवे कापड चढवले. मालकीणबाई फणकारल्या, "माझ्या ब्लाउजला हूक लावायला तुम्हाला सवड नाही, आणि या सवतीला नवी वस्त्रं!" मी मनात म्हटले, बाई गं, सवतीच्या मांडीवर बसूनच बाजारात जातेस ना? मग बोलू नकोस.

त्यांची मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी माझ्यातूनच आली, मागून धाकटा मुलगाही. मी रस्त्याने निघाले की लोक हातातले काम टाकून बघायचे. मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

पुढे रस्त्यांवर गर्दी झाली. चौकाचौकात ताटकळायचे. इंजिन हळू चालले की माझा पंखाही हळू फिरायचा. पाणी उकळायचे, झाकणाखालून वाफ निघायची आणि मागची सगळी फौज हॉर्न वाजवायची. धाकट्याला त्याची लाज वाटू लागली. शिवाय घर लहान, त्याची मुले दाटीवाटीने झोपत. अंगणातल्या माझ्या जागेवर त्याला खोली बांधायची होती. त्याचेही चुकत नव्हते.

एक दिवस तो मालकांना म्हणाला, "बाबा, टेकडीवर ताईच्या घरापर्यंत ही न उकळता चढू दे. मग मी पुन्हा भंगाराचं नाव काढणार नाही. पण उकळली, तर तुम्ही आडवं यायचं नाही."

मालकांनी मान हलवली. माझे सगळे त्या एका चढावर येऊन ठेपले.

ताईच्या नवऱ्याला हे कळले आणि जावईबापू सुट्टी टाकून धावत आले. हात शिवशिवणारा माणूस. काखेत नव्या गाडीचा विजेवरचा पंखा. "बाबा, पट्ट्याच्या पंख्याचे दिवस गेले. हा गाडी उभी असली तरी पूर्ण जोरात फिरतो." ते खोटे नव्हते. माझा जुना पंखा उतरला, त्याच जागी नवा चढला.

चूक झाली ती तारा जोडताना. आताच्या गाड्यांत बॅटरीची उण्याची बाजू अंगाच्या पत्र्याला जोडतात. माझे उलटे, माझ्या अंगाला अधिकाची बाजू. जावईबापूंनी नेहमीच्या सवयीने पंख्याची काळी तार पत्र्याला लावली आणि पंखा उलटा फिरू लागला. हवा आत ओढायच्या ऐवजी जाळीतून बाहेर फेकू लागला.

समोर उभ्या मालकीणबाईंचा पदर फडफडला. "अगबाई, काय हा वारा! एक स्वयंपाकघरातही बसवून द्या हो!"

सगळे हसले. मालकांनी जाळीपुढे हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, पण हा वारा बाहेर..."

मालकीणबाईंनी त्यांना कोपराने ढोसले. "गप्प बसा. जावयाच्या कामात खोट काढता? काय वाटेल त्यांना?"

मालक मूग गिळून बसले. मी ओरडले असते, पण माझा हॉर्न दुसऱ्याच्या हाताने वाजतो. मला अंगणात बराच वेळ चालू ठेवून पाहिले. उष्णतेचा काटा हलला नाही. उभ्या गाडीला उलटा वाराही थोडाफार पुरतो, त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली.

मग निघालो. मालक चालवायला, शेजारी जावईबापू, मागे मायलेक. सपाटीला निभावले. चढ लागला आणि समोरून येणारा वारा जाळीत या पंख्याच्या वाऱ्याला भिडला. दोघे एकमेकांना ढकलत राहिले, माझ्या वाट्याला कुणीच येईना. काटा चढू लागला.

"चालवा बाबा, पंखा फिरतोय ना! काही होत नाही," जावईबापू म्हणाले.

मालकांना काटा दिसत होता. थांबले तर पैज गेली आणि जावयाचा मानही गेला. ते थांबले नाहीत. वळणापाशी माझ्या पोटात काहीतरी काडकन फुटले आणि समोर नुसती वाफ.

सगळे खाली उतरले. मालक हळूच म्हणाले, "हवा उलटी होती."

"मग बोलला का नाहीत?" जावईबापू रडवेले झाले होते.

मालकांनी मालकीणबाईंकडे पाहिले. त्या पदराच्या चुण्या सारख्या करू लागल्या. पैज जिंकलेला धाकटासुद्धा खाली मान घालून उभा राहिला.

गॅरेजवाल्याने इंजिनाचा तडा पाहून हात झाडले. "हिच्या वयाचं इंजिन आता कुठे मिळायचं? नाही व्हायचं हे."

मित्रांनो, म्हाताऱ्या गाडीला नवे काही लावू नका, असे मी म्हणत नाही. लावा, पण आधी तिची चाल विचारा. आणि घरात कुणाला चूक दिसली, तर त्याला कोपराने ढोसू नका, बोलू द्या. रुसलेला जावई समजूत घातली की जेवायला येतो. फुटलेले इंजिन येत नाही.

अंगणात खोलीसाठी चुना टाकून रेघा आखल्या आहेत. मला ढकलून फाटकाबाहेर उभे केले आहे. भंगारवाल्याचा ट्रक गल्लीत वळला. मालक दाराआड उभे आहेत. आतासुद्धा काही बोलत नाहीत.