वैजयंतीची दहा मिनिटं

वाशीच्या सिडको वसाहतीतल्या त्या इमारतीत वैजयंती सबनीस कधी आजारी पडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वय अठ्ठेचाळीस, बँकेत अधिकारी. खाडीपुलावरून रोज बसने मुंबई गाठूनही संध्याकाळी पाठ ताठच. सकाळी आरामखुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि दुखणाऱ्या जागेला शांतपणे ‘जा’ म्हणायचं, एवढंच तिचं औषध. "शरीर मनाचं ऐकतं," असं ती शेजारणींना सांगे, आणि तिचं शरीर खरंच ऐकत असे.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचा उजवा गुडघा धरला. चौथ्या सकाळी तो मोकळा झाला, आणि त्याच सकाळी जवळच्या गावठाणातून भांडी घासायला येणारी भागीरथी उजवा पाय ओढत जिना चढून आली. वैजयंतीला त्यात काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात तिचा डावा कान ठणकायचा थांबला, तेव्हा भागीरथी कानात कापसाचा बोळा घालून आली. तोही डाव्याच.

"अशी खचू नकोस गं," वैजयंती म्हणाली. "माझ्यासारखी बैस जरा. दुखण्याला जा म्हण."

भागीरथीने पदराला हात पुसले, दुखरा पाय लांब करून ती भिंतीशी बसली आणि तिने डोळे मिटले. बराच वेळ ती हललीसुद्धा नाही. मग डोळे उघडून अगदी साधेपणाने तिने विचारलं, "जा तं म्हंते बाई, पन धाडू कुटं? माझ्या खाली कोन नाय."

वैजयंती हसली, पण ते हसू तिला नीट जमलं नाही. त्यानंतर आठ दिवस ती खुर्चीत बसली नाही. सर्दी झाली, ती तिने चक्क गोळ्या घेऊन काढली.

नवव्या सकाळी चहा घेताना तिच्या छातीत मधोमध काहीतरी आवळलं. डावा हात जड झाला. डॉक्टर समोरच्याच इमारतीत राहत. एक हाक मारली असती, तर भागीरथी लंगडत का होईना, त्यांना घेऊन आली असती. आत तिची भांडी वाजत होती. वैजयंतीने हाक मारायला तोंड उघडलं. मग कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

कळ हळूहळू ओसरली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. भांड्यांचा आवाज मात्र येत नव्हता.

तिने डोळे उघडले नाहीत. दहा मिनिटं अजून व्हायची होती.