सूर्याच्या उलट

मित्रांनो, मी फार जुना आहे, पण मला हातात धरता येत नाही. मी एक शब्द आहे. माझे नाव विडरशिन्स. उत्तर जर्मनीच्या बोलीतून मी स्कॉटलंडला आलो, तेव्हा माझा अर्थ साधा होता: उलट्या वाटेने. भीतीने केस उलटे उभे राहिले तरी लोक मलाच बोलावत. पुढे लोकांनी मला सूर्याशी जोडले आणि मी सूर्याच्या उलट फिरणे झालो. मग चेटकिणी म्हणे माझ्याच वाटेने नाचू लागल्या. झाले! तेव्हापासून माझ्या वाट्याला भीतीच आली.

तिथल्या एका कोळ्यांच्या गावात बंदर सोडताना प्रत्येक होडी माझ्या धाकाने सूर्याबरोबर, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखी वळे. एका सकाळी एफीचा नवरा वॉटी लोकरी हातमोजे घरीच विसरला. एफी धावत धक्क्यावर आली.

"वॉटी! अरे, हातमोजे!"

"बोटं गळून पडली असती बघ माझी!" तो हसला आणि जवळ पडते म्हणून होडी उलटी वळवून तिच्याकडे आला.

"विडरशिन्स!" त्याची आई गिर्झेल किंचाळली. "मेल्या, विडरशिन्स वळलास!"

दुपारी वादळ उठले. वॉटी परतला नाही.

"तू हाक मारली नसतीस तर?" सासू सुनेला एवढेच म्हणाली. त्यानंतर रोज पहाटे एफी घराभोवती सूर्याबरोबर फिरू लागली, पीळ उलगडावा तशी. मी तिच्या ओठांवर असे. बाई, वादळाला काय ठाऊक कोण कसे वळले, असे मला ओरडून सांगायचे होते. पण शब्दाला स्वतःचे तोंड नसते.

ती म्हातारी झाली. शेजारच्या बेलाचा नवराही त्याच वादळात बुडाला होता. एकदा दोघी गळांना आमिष लावत बसल्या असताना एफीने विचारले, "बेला, तुझा माणूस कसा वळला होता गं?"

"सूर्याबरोबर. अगदी नेमाने."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

बेलाने मान वर केली नाही. "तुझ्याकडे निदान कारण तरी होतं. माझ्याकडे तेही नव्हतं."

दुसऱ्या पहाटे एफीने सवयीने पाऊल उचलले आणि थांबली. मग उलटी वळली. "असाच आला होता माझ्याकडे," ती म्हणाली आणि रडत रडत पूर्ण फेरी चालली.

मित्रांनो, आपले दुःख माझ्या नावावर टाकू नका. मला ते पेलत नाही. ते कुणातरी एफीच्या गळ्यात पडते. ती एफी आता नाही. घराभोवतीची पायवाट मात्र अजून गवताने भरलेली नाही. पहाटे मी तिथेच असतो.