माझ्या कोपऱ्यातली भोकर

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि आज मला गप्प बसवत नाही. जन्मभर दुसऱ्यांचं लिहिणं अंगावर मिरवलं, आज माझं स्वतःचं सांगतो.

हिंगोलीच्या एका सुतारानं मला सागवानी चौकट दिली, तीन पाय दिले आणि काळा रंग चढवला. तिथून मी कळमनुरीजवळच्या या कॉलेजात आलो. गणितं, कविता, परीक्षेच्या सूचना, सगळं माझ्यावर लिहिलं गेलं आणि तास संपला की पुसलं गेलं. त्याचं मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पुढे वर्गात चकचकीत पडदा आला. सगळं कौतुक त्याचं सुरू झालं आणि माझी रवानगी सायकल स्टँडमागे, कबुतरांच्या सोबतीला. वीज गेली की तो पडदा आंधळा होतो, एवढंच माझं समाधान.

आणि परवा वीज गेली! ज्योती मॅडमनी मला झाडूनपुसून कडुनिंबाखाली उभं केलं. त्यांचा विषय नवा आहे: पर्यावरण आणि मानव्यविद्या. झाडं, पाणी, जनावरं यांना माणसं काय नावं देतात, त्यांच्या काय गोष्टी सांगतात आणि त्या विसरल्या की काय होतं, हे त्या शिकवतात.

"तुमच्या रानाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

पोरांनी पटापट सातबाऱ्यावरचे गट नंबर सांगितले. मोबाईलवर पिकाची नोंद करताना दर हंगामात तेच भरावे लागतात, त्यामुळे तोंडपाठ. प्रतिक्षा नावाची मुलगी लिहीत होती. तिनं स्वतःच्या रानाचाही नंबर लिहिला, एकशे चौदा.

"हा नंबर झाला. घरी काय म्हणतात? लावा फोन."

तासाला फोन लावायची परवानगी! वर्ग नुसता उसळला. माझ्या अंगावर नावं येऊ लागली: चिंचेचं, झऱ्याचं, लांडगदरा. चिंच कधीच गेली, झरा बुजला, लांडगा तर पोरांनी पाहिलेलाही नाही. मला शहारे येत होते.

प्रतिक्षानं आजोबांना, उकंडरावांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आबा, आपल्या रानाला काय म्हणतेत?"

"भोकरीचं रान."

"काहून?"

"बांधावर भोकर हाय म्हणून. तिलाच तोडून राहिलो आज. ट्रॅक्टर वळत न्हाई."

प्रतिक्षाच्या हातातला खडू पडला. याच झाडाच्या भोकरांचं लोणचं ती दरवर्षी डब्यात आणायची, पण रानाचं नाव त्याच्यावरून पडलंय हे तिला ठाऊक नव्हतं. "मॅडम, चला ना," एवढंच ती म्हणाली.

"तास तिथंच घेऊ. फळा घ्या," मॅडम म्हणाल्या.

हळद वाहणाऱ्या पिकअपमध्ये उभा राहून मी निघालो. पोरांनी मला धरलं होतं, वारा अंगाला लागत होता आणि भीतीही वाटत होती, पोहोचू की नाही.

पोहोचलो. एक फांदी पडली होती. करवतवाला घाम पुसत होता. पोरांनी मला बुंध्याला टेकवलं आणि मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहिलं: भोकर तोडल्यावर या रानाला काय म्हणायचं?

उकंडरावांनी सावकाश वाचलं. "नंबर हाय की, एकशे चौदा," ते हसत म्हणाले.

प्रतिक्षानं त्यांच्या हातात खडू दिला. "लिवा मंग, आबा."

त्यांनी एक आकडा काढला. दुसरा काढताना हात थांबला. ते वर झाडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल घेतला, आकडा पुसला, प्रश्नही पुसला आणि कोपऱ्यात वाकड्या अक्षरात लिहिलं: भोकरीचं.

"चाल, चहा घेऊ," ते करवतवाल्याला म्हणाले. "ट्रॅक्टर तिकडून वळंल."

मित्रांनो, पुसलं गेल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता!

आता मी पुन्हा वर्गात आहे, पडद्याच्या शेजारी. तास संपला की मुलं मला पुसतात, तो कोपरा मात्र सोडून. तुम्हीही आज घरी तुमच्या रानाचं नाव विचारा, आणि ज्याच्यावरून ते पडलं ते अजून उभं असेल तर एकदा त्याच्यापाशी जाऊन या.