साऱ्यांची खोली

मी एक खोली बोलतेय. अदिस अबाबाच्या टोकाला, एका चार मजली इमारतीच्या मागे मी उभी आहे. सोडतीत लागलेली घरं ज्याची त्याची, मी मात्र साऱ्यांची. सणाचा मेंढा कापायला, इंजेरा, म्हणजे इथली भाकरी, भाजायला आणि कुणी गेलं की तीन दिवस दुखवट्याला बसायला मला बांधलं.

चौथ्या मजल्यावरच्या एमामा अत्सेदे माझ्या जिवाभावाच्या. साऱ्या इमारतीच्या त्या आजी, म्हणूनच एमामा. प्रत्येकाच्या दुखवट्याचे गहू-हरभरे त्यांनी माझ्याच चुलीवर उकडले. धुराने काळ्या झालेल्या माझ्या भिंतींना दरवर्षी चुना लावायच्या, त्याही त्याच. बाकीचे म्हणायचे, "कमिटी बघेल." कमिटी म्हणजे आपणच, हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही.

मग तळमजल्यावरच्या गिरमाचेवने जुना सोफा माझ्यात आणून टाकला आणि दाराला कुलूप घातलं. "सगळ्यांची आहे ना? मग माझीही आहे!" दुसऱ्या मजल्यावरचा तेकेस्ते म्हणजे चोरावर मोर. त्याने भांडून दार उघडायला लावलं, आपले पत्रे आत रचले आणि वेगळा कोयंडा ठोकून दुसरं कुलूप घातलं. पुढे तिसरं आलं, चौथं आलं. चौथ्याचा मालक तर घर भाड्याने देऊन दूर दिरे दावा शहरात निघून गेला. माझी चूल विझली ती विझलीच.

यंदा एमामांचा एकुलता एक मुलगा, दागमावी, ट्रक उलटून त्यात गेला.

एमामांचं घर एवढंसं, त्यात चार जिने. म्हाताऱ्या पाहुण्यांना चढवेना. अंगणात तंबू ठोकावा, तर सगळीकडे मोटारी. एमामा माझ्या दाराशी आल्या.

"उघडा रे बाबांनो. तीनच दिवस."

"मी उघडतो की," गिरमाचेव म्हणाला. "आधी तेकेस्तेला पत्रे काढू दे."

"मी का आधी? सोफा कुणाचा आला होता आधी?" तेकेस्ते उसळला.

"अरे, तोडा ती कुलपं!" कुणीतरी बाई ओरडली.

"आणि दिरे दावावाल्याचं काही हरवलं, तर नाव कुणाचं येईल?" दुसऱ्याने विचारलं.

"माझं सांगा," एमामा म्हणाल्या. "माझं आता काय जायचं राहिलंय?"

हातोडा कुणी आणला नाही.

तीन दिवस त्या माझ्या पायरीवर बसल्या. लोक उभ्याउभ्या रडून गेले. हरभऱ्यांची परात मोटारीच्या टपावर ठेवून वाटप झालं. मला फार लाज वाटली.

चौथ्या दिवशी एमामा नवं कोरं कुलूप घेऊन खाली आल्या. पाचवा कोयंडा ठोकून घेतला आणि स्वतः किल्ली फिरवली.

"एमामा, तुमचं तर आत काहीच नाही!" गिरमाचेव म्हणाला.

"नसू दे. तुमच्या घरी कुणी गेलं, की या किल्ली मागायला."

त्यांना मी दोष देत नाही. पण त्या अशा बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

आता मी पाच कुलपांआड अंधारात आहे. बाबांनो, हात जोडते, कुणीतरी एकाने आधी आपलं कुलूप काढा. तेकेस्तेच्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी कालपासून अन्न सोडलंय.