दुन्याच्या गाण्यातली पायरी

गायिका दुन्याच्या गाण्यातली मैत्रीण म्हणवून घेणाऱ्या बायका सर्बियातल्या आमच्या स्मेदेरेवो गावात अकरा आहेत. मी मोजल्यात. माझं पार्लर बाजाराच्या तोंडाशी आहे, आणि केसांना हात लागला की बाईचं तोंड आपोआप सुटतं. खाटकाची बायको म्हणते, ‘लाल बूट’ हे गाणं तिच्या बुटांवर आहे. पोस्टातली बाई शपथेवर सांगते की दुसऱ्या गाण्यात शाळेच्या भिंतीवरून उडी मारणारी ती तीच. आता तिचं वजन बघता भिंतीचं काय झालं असेल, हे मी विचारत नाही.

बाकीच्या गायिका पळून गेलेल्या पुरुषांसाठी गळा काढतात. दुन्या मैत्रिणीसाठी गाते. म्हणून तर लग्नात तिचं गाणं लागलं की नवरीसुद्धा नवऱ्याला सोडून मैत्रिणींच्या गळ्यात पडते.

ते लाल बूट माझे होते. छत्तीस नंबरचे. दुन्याचा पाय अडतिसाचा, तरी शाळेच्या कार्यक्रमात ती तेच घालून गायली आणि टाचा सोलून घेतल्या. मी हे कोणाला सांगत नाही. खऱ्याला आरडाओरडा करावा लागत नाही.

पण ‘पायरी’ हे गाणं लागलं की मी रेडिओ बंद करायचे. ते तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. मैत्रिणीचा नवरा तिला टाकून गेला, आणि गाणारी म्हणते, ‘आले मी, तुझ्या पायरीवर बसले मी, उजाडेपर्यंत बसले मी.’ ऐकून भल्याभल्यांचे डोळे भरतात.

पायरी माझीच. नवराही माझाच, गोयको त्याचं नाव, आता तो ऑस्ट्रियात, लिंट्समध्ये कोणा दुसरीचा आहे. त्या दिवशी मी दुन्याला फोन केला. ती बेलग्रेडला होती, म्हणजे तासाभराच्या वाटेवर. “निघालेच, रादा,” ती म्हणाली.

ती आली नाही. चार महिन्यांनी गाणं आलं.

तेव्हापासून तीन वर्षं मी तिचा फोन उचलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत गोयकोची आठवण मला दोनदा आली असेल, दुन्याची रोज यायची.

यंदा द्राक्षांच्या उत्सवाला चौकात तिचाच कार्यक्रम ठेवला होता. त्या दिवशी सकाळी दहा वाजता दार उघडलं. काळा चष्मा, डोक्याला रुमाल आणि कडेवर दोन वर्षांची पोर. माझी नेहमीची गिऱ्हाईक पेर्सा मावशी ड्रायरखाली बसली होती. तिनं मासिक खाली ठेवलं.

“केस सेट करायचेत,” दुन्या म्हणाली. “संध्याकाळी कार्यक्रम आहे.”

“बेलग्रेडचे न्हावी मेले वाटतं?”

“रादा...”

“बस खुर्चीत. गिऱ्हाइकाला मी हाकलत नाही.”

मी तिचे केस धुतले. तेच दाट, हट्टी केस. पोरगी, इस्क्रा तिचं नाव, जमिनीवर बसून माझे क्लिप एकात एक अडकवत होती. तिच्या केसांची नुसती दशा होती. बटा डोळ्यांत जात होत्या आणि ती फूफू करून उडवत होती. माझा हात शिवशिवायला लागला.

“आई आहेस का कोण? पोरीला दिसतंय तरी का समोरचं?”

“जन्मापासून कात्री लावलेली नाही.”

“ते दिसतंयच. का?”

दुन्या आरशातून माझ्याकडे बघत होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची खोड लहानपणापासूनची. आल्यापासून केसांचं निमित्त चाललं होतं, ते तिथं संपलं.

“तूच कापायचेत म्हणून,” ती म्हणाली. “माझ्या आजीच्या गावात, तिकडे हर्सेगोविनात करतात तसं. केसांची कुमा हो तिची.” कुमा म्हणजे रीतीनं जोडलेली सोयरीण, रक्ताच्या नात्याइतकी पक्की; मग पोरीची आई आणि ती, दोघी एकमेकींना कुमाच म्हणतात.

पेर्सा मावशीनं ड्रायर डोक्यावरून वर ढकलला. “अगं बाई! ती तर भांडण मिटवायची रीत. खून पडलेली घरंसुद्धा पोराचे केस कापून सोयरी व्हायची. रादा, कुमा हो म्हटल्यावर नाही म्हणत नसतात हं. पाप लागतं.”

“मला माहीत आहे, मावशी.”

“नाही, सांगून ठेवते.”

राग असा आला की कंगवा आपटला मी. नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती बयेनं! “का आली नाहीस तेव्हा?” मी विचारलं. मावशीसमोर, धुतलेल्या केसांचं पाणी निथळत असताना.

“दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. म्हटलं, उद्या जाऊ. उद्या आला, तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटली. मग ती लाज सहन होईना म्हणून गाणं लिहिलं. आले असते तर कॉफी पिऊन, गोयकोला शिव्या देऊन घरी गेले असते. गाणं झालंच नसतं.”

“म्हणजे तू न येऊन नाव कमावलंस, आणि देश मला म्हणतो, काय नशीबवान बाई.”

मी तिचे केस वाळवले, वर बांधले, एकही बट हलणार नाही असे पक्के केले. काम ते काम.

“कुमाला नाही म्हणता येत नाही,” मी म्हणाले, “पण दिवस कुमानं ठरवायचा असतो. आज ‘पायरी’ जशी घडली तशी गा. मग ठरवते. नाहीतर पोरीला लग्नापर्यंत केस वाढवू दे.”

“सगळ्या चौकाला ते पाठ आहे, रादा!”

“मग काय झालं? मलाही पाठ आहे.”

संध्याकाळी सात वाजता मी चौकात उभी होते, पेर्सा मावशीचा हात धरून. भाजलेल्या मिरच्यांचा वास आणि पाय ठेवायला जागा नाही. दुन्यानं पाच गाणी म्हटली. सहावं ‘पायरी’. पहिला सूर लागताच अख्खा चौक तिच्या आधी गायला लागला, “आले मी...”

“नाही आले मी,” दुन्या गायली.

लोकांना वाटलं, विसरली बिचारी. आमचे लोक प्रेमळ, ते तिला शब्द सुचवायला आणखी जोरात ओरडले, “आले मी! आले मी!” खाटकाची बायको तर हात हलवून शिकवत होती. दुन्यानं वादकांना थांबवलं. पुन्हा सुरुवात केली, साथीशिवाय, एकटीनं.

“नाही आले मी. तुझी पायरी रिकामी होती.”

कोणीतरी शिटी मारली. “नीट गा की!” मागून आवाज आला. ती मागे हटली नाही. चौक हळूहळू गप्प झाला. मग तिनं ती ओळ म्हटली,

“दोन कप मांडले होतेस. एक तसाच थंड झाला.”

मी मावशीचा हात घट्ट दाबला. कपांचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. पण मी कॉफी कशी मांडते, कोणासाठी मांडते, फोन ठेवल्याबरोबर काय केलं असेल, हे तिला न सांगता ठाऊक होतं. तीन वर्षं तो कप तिच्याही डोळ्यांसमोर होता. मी रडले. भर चौकात, लाज न बाळगता रडले.

टाळ्या बऱ्याच वेळानं पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्लर उघडायला खाली आले, तर दुन्या पायरीवर बसलेली. मांडीवर इस्क्रा.

“कधीची बसलीस?”

“उजाडल्यापासून.”

पेर्सा मावशी बाजाराची पिशवी घेऊन तिथं पोचलीच. “रादा, ऐकलंस का? खाटकाची बायको सांगतेय, दुन्या तिच्याकडेही आली नव्हती म्हणे!”

मी आतून मोठी कात्री आणली. इस्क्राच्या डोक्याच्या चारी बाजूंच्या चार बटा कापून रुमालात बांधल्या, रीतीप्रमाणे. मग रीत बाजूला ठेवून बाकीचे केस डोळ्यांवरून सरळ रेषेत कापले. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली. तिला मी आत्ता कुठं दिसत होते.

“चल कुमा, आत ये,” मी दुन्याला म्हणाले, आणि दोन कप मांडले.

त्या दिवशी दोन्ही कप रिकामे झाल्यावरच मी पार्लर उघडलं.