शेवटच्या पेटीतला अर्धा खडक

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नक्की विचाराल, हे अर्धे लाटणे इथे कोणी टाकले? विचारा, मी रागावणार नाही. मी दिसतोच तसा. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने सपाट, आणि लांबीला तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. पण मी लाकडाचा नाही. मी डोंगराच्या पोटातला खडक आहे आणि गेली कित्येक वर्षे एका पत्र्याच्या शेडमध्ये, शेवटच्या पेटीच्या शेवटच्या खाचेत पडून आहे. पडून राहण्याची मला सवय आहे म्हणा. पण डोंगरात पडून राहणे वेगळे आणि पेटीत पडून राहणे वेगळे. डोंगरात माझ्या वर कोण आणि खाली कोण हे मला ठाऊक होते.

माझा जन्म कसा झाला ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच उभी राहिली. जमिनीचे कवच आपल्याला अखंड वाटते, पण ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले असते आणि हे तुकडे मुंगीलाही हसू येईल इतक्या संथपणे सरकत असतात. फार फार पूर्वी समुद्राखालचा एक तुकडा आमच्या तुकड्याच्या खाली घुसला. जाताना त्याने समुद्राचे पाणीही बरोबर नेले. खोलवरच्या उष्णतेत ते पाणी सुटले आणि त्याच्या संगतीने तिथला खडक वितळू लागला. त्या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. वर जमिनीला वळ्या पडत होत्या, कवच जाड होत होते, डोंगर उभे राहत होते, आणि खाली हा शिलारस वर येण्यासाठी वाट शोधत होता.

जाड कवचातून वाट मिळणे सोपे नसते. शिलारस वर येतो तो जुन्या भेगांच्या आधाराने, आणि जिथे दोन मोठ्या भेगा एकमेकींना छेदतात तिथे तर त्याला दारच उघडे सापडते. आमच्या डोंगराखाली असेच झाले. शिलारस त्या दारातून चढला आणि जमिनीवर पोहोचायच्या आधीच दमून थांबला. तो निवू लागला तेव्हा त्याच्यातून खारट, कढत पाणी बाहेर पडले. त्या पाण्यात तांबे विरघळलेले होते. पाणी आजूबाजूच्या बारीक चिरांत शिरले, थंड झाले आणि आपले तांबे तिथेच टाकून गेले. मी त्या जागेच्या अगदी काठावरचा. माझे वरचे सगळे अंग साधे राखाडी, आणि खालच्या टोकाला मात्र चार बोटे रुंदीची पिवळ्या चमकदार शिरांची जाळी. माझ्या खालचे भाऊ तर नखशिखांत पिवळे होते. त्यांना मी शेवटचे पाहिले त्याला आता फार दिवस झाले.

डोंगराच्या पायथ्याशी एक खाणीचे गाव होते. तिथली जुनी खाण रिकामी होत आली होती. शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत बसू लागले होते, आणि दर आठवड्याला कोणाच्या तरी दारापुढे सामानाचा टेम्पो उभा राहायचा. अशा वेळी एक कंपनी आली आणि तिच्याबरोबर गावातलीच एक मुलगी खडकतज्ज्ञ होऊन परत आली. गळ्यात कायम भिंग, म्हणून सगळे तिला भिंगताई म्हणत. तिचे वडील जुन्या खाणीत उमेदीची वर्षे घालवून आता याच शेडमध्ये खडक कापायच्या करवतीवर काम करत. त्यांचे नाव पडले होते करवतकाका.

भिंगताई गावकऱ्यांना समजावून सांगायची, "जुन्या खाणीत आपण आजवर तांब्याची नुसती फांदी खाल्ली. खोड खाली आहे. दोन भेगा जिथे भेटतात तिथे."

"खोड लागलं नाही तर?" कोणीतरी विचारायचे.

"तर मी चुकले म्हणायचं."

करवतकाका मागे उभे राहून ऐकत आणि मिशीतल्या मिशीत हसत. पोरीवर त्यांचा भारी जीव.

मग डोंगरावर यंत्र बसले आणि पोकळ नळी खडक कापत खाली उतरू लागली. नळीच्या तोंडाशी आतून एक कडी असते. नळी वर ओढताना ती कडी आतल्या खडकाला खालच्या टोकाशी घट्ट आवळून धरते. माझ्या गोल पाठीवर तिचे ओरखडे आजही आहेत. खडकाचे असे गोल दांडे वर काढतात, चिखलाने माखलेलेच पेटीच्या खाचांत क्रमाने लावतात आणि शेडमध्ये पाठवतात. तिथे रीत ठरलेली असते. आधी खडक धुऊन खडकतज्ज्ञाने बघायचा. मग तो उभा कापायचा. एक अर्धा प्रयोगशाळेत जातो, दुसरा पुरावा म्हणून पेटीत राहतो. आणि कापून झाल्यावर खडकतज्ज्ञाने प्रत्येक तुकडा उचलून त्याची पाठ पाहायची, ओरखडे खालच्या अंगाला आहेत की नाहीत ते.

माझी पेटी आली त्या दिवशी रीत मोडली. कंपनीच्या साहेबांना पुढे खणायचे की थांबायचे याचे उत्तर लगेच हवे होते. भिंगताईला त्यांनी बैठकीला बोलावून घेतले आणि इकडे निरोप धाडला, "धुऊन कापून ठेवा, ती आली की बघेल." करवतकाकांनी मला धुतले आणि करवतीखाली धरले. पाणी उडाले, करवत किंचाळली, आणि माझे दोन भाग झाले. माझ्या दुसऱ्या अर्ध्याची आणि माझी तीच शेवटची भेट. त्याला पिशवीत घालून नेले आणि त्याची पूड केली.

मला हातात घेऊन करवतकाका जागच्या जागी थबकले. ओल्या खडकावर पिवळी जाळी लखलखत होती. आयुष्यभर ज्या रंगासाठी घाम गाळला तो रंग त्यांना दिसला होता. मला घेऊन ते धावतच दारापाशी गेले, उन्हात धरून पाहिले, रस्त्याकडे पाहिले. पोर अजून आली नव्हती. म्हणून ते परत आले. पण परत आले ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, आणि आनंदाच्या भरात त्यांनी मला उलटे ठेवले. पिवळे टोक वर, राखाडी अंग खाली.

थोड्याच वेळात भिंगताई साहेबांना घेऊन आली. तिने पेटीतला एकेक तुकडा उचलला, पाठ पाहिली, परत ठेवला. माझ्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. वडील शेजारीच उभे होते, चेहरा उजळलेला. तिने मला उचलले नाही. नुसतेच भिंगातून पाहिले. माझ्या वरचे तुकडे राखाडी, मग चार बोटे पिवळे, मग पुन्हा राखाडी आणि तिथेच संपले.

"एक चुकार शीर आहे," ती हळूच म्हणाली. "येऊन गेली. तिच्याखाली काही नाही."

साहेबांनी मान हलवली. "शितावरून भाताची परीक्षा. थांबवू या."

मित्रांनो, शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत आधी नीट हातात घ्यावे लागते. मी आतल्या आत ओरडत होतो की मला उचला, माझी पाठ बघा, माझे भाऊ माझ्या खालीच आहेत. पण मी बोलूनचालून दगड. प्रयोगशाळेनेही काही सांगितले नाही. पुडीला कुठले आले वर आणि खाली?

यंत्र उतरवले गेले. गावाने तोंडसुख घेतले. "खोड खाली आहे म्हणे!" पोरेसुद्धा भिंगताईला पाहून एकमेकांना म्हणायची. ती कोणाला उलट बोलली नाही. दूरच्या शहरात नोकरी धरून निघून गेली. सुरुवातीला सुट्टीत यायची, मग तेही थांबले. अर्धे गाव रिकामे झाले. करवतकाका शेडचे राखणदार म्हणून मागे राहिले. रोज ओले फडके घेऊन ते पेट्या पुसत आणि माझ्यापाशी आले की म्हणत, "तुझ्यापायी गेली रे माझी पोर."

त्यांना पोरीची ओढ, मला डोंगराची. एका छपराखाली आम्ही दोघे झुरत होतो आणि दोघांच्या दुःखाचे कारण माझ्या पाठीखाली दडलेले होते. ते जवळ आले की मला वाटायचे, आज तरी उचलतील. पण जिच्यावर राग असतो ती वस्तू माणूस हातात घेत नाही. वरवर पुसून पुढे जातो.

एक दिवस वर्दी आली की शेड रिकामी करायची आहे, खडक रस्त्याच्या भरावात टाकायचे आहेत. करवतकाकांनी लेकीला फोन लावला. "एकदा येऊन बघून जा. नंतर म्हणशील, बाबांनी सांगितलं नाही."

ती आली. केस पिकू लागले होते. गळ्यातले भिंग मात्र तेच होते. बाहेर ट्रक उभा होता आणि चालक विडी विझवून वाट बघत होता. करवतकाकांनी शेडचे दार उघडून दिले. ती पेट्यांवरून हात फिरवत शेवटपर्यंत आली. आठवण म्हणून न्यावा, असे मनात आले असेल. तिने मला उचलले. तिचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला आणि ओरखड्यांवर थांबला.

तिने मला पालथे केले. पेटीकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"बाबा, हा तुकडा कापून कोणी ठेवला होता?"

"मीच. दुसरं कोण होतं शेडमध्ये? का गं?"

"उलटा आहे."

करवतकाका जवळ आले. खाणीत जन्म गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगावे लागले नाही. ते एका रिकाम्या पेटीवर बसले. "म्हणजे पिवळं खालच्या टोकाला होतं. तिथून सुरू होत होतं."

"हो."

"म्हणजे तुला मीच घालवली."

"तुम्ही ठेवला, पण बघायचं काम माझं होतं. त्या पेटीतले सगळे तुकडे मी उचलले. हा एकच नाही उचलला."

"का नाही उचललास?"

तिने माझ्या पाठीवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाली, "तुम्ही ठेवला होता म्हणून."

बापाने तोंडावर हात धरला आणि तो रडला. तीही रडली. दगडाला पाझर फुटतो म्हणतात; मला तो फुटला असता तर बरे झाले असते.

चालकाने दारातून डोकावून विचारले, "ताई, भरायला घेऊ का?"

"नको. रिकामाच न्या. साहेबांशी मी बोलते." मग तिने मला वडिलांपुढे धरले. "घ्या. सरळ ठेवा."

"नको बाई. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा नाही."

"तुम्हीच ठेवा. मी बघते."

दोन्ही हातांनी त्यांनी मला खाचेत ठेवले. राखाडी अंग वर, पिवळे टोक खाली. तिने वाकून पाहिले, मला पुन्हा एकदा उचलून पाठ तपासली आणि मान डोलावली.

"आता पुन्हा निघून जाशील?" त्यांनी विचारले.

"आधी चहा टाका. मग बघू."

मित्रांनो, यंत्र पुन्हा डोंगरावर चढेल का, मला ठाऊक नाही. खाली गावाला पुरेल इतके तांबे आहे का, तेही पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये. माझा दुसरा अर्धा भाग परत येणार नाही आणि माझे भाऊ अजून अंधारातच आहेत. त्यांची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. तुमच्याकडे मागणे एकच. जिवाभावाच्या माणसाने हाती दिलेली गोष्टही एकदा उचलून, उलटून बघा. त्यात अविश्वास नसतो, काळजी असते. आणि कोणावर रुसला असाल, तर वरवर पुसून पुढे जाऊ नका. माझी पाठ बघायला तिला एक श्वासभर वेळ लागला असता. तेवढा वेळ कोणी दिला नाही, म्हणून एक म्हातारा इतकी वर्षे या शेडमध्ये दोन कप काढून एकातच चहा ओतत राहिला.